‘पडदा सार, सेत्ती’मधली सेत्ती कोण?

‘सी कद्दूर बेनाउदा, खाजगी शोधक. नजर तीक्ष्ण, कान तिखट, तोंडाला कुलूप. ओरान शहरात गुन्हे कमी होतात याचं श्रेय पोलीस घेतात. सी कद्दूर मोठ्या मनाने त्यांना ते घेऊ देतात.’

हे माझ्या मामाचं कार्ड; ‘सी’ म्हणजे श्रीयुत. छापते मीच, कारण झेरॉक्सचं दुकान माझं आहे आणि कार्डावर ज्याला ‘मुख्य कार्यालय’ म्हटलंय ती त्या दुकानाची मागची खोली आहे, जिथे मी पूर्वी कागदाचे गठ्ठे ठेवायचे. तोंडाच्या कुलपाबद्दल एवढंच सांगते की अडतीस वर्षांत मी ते एकदाही लागलेलं पाहिलेलं नाही.

मामा एकतीस वर्षं शहरबसमध्ये तिकीट तपासनीस होता. नुसत्या मानेकडे बघून खिशात तिकीट आहे की नाही ते ओळखतो, असा त्याचा दावा आहे. या विद्येच्या जोरावर त्याने एकदा भर बसमधून माझ्या वडिलांना, म्हणजे स्वतःच्या सख्ख्या मेहुण्याला, खाली उतरवलं होतं. वडिलांकडे महिन्याचा पास होता. निवृत्त झाल्यावर ही विद्या वाया जाऊ नये म्हणून मामा शोधक झाला, आणि मी, झुलिखा, त्याची सहायक झाले. मला कुणी विचारलं नव्हतं.

आजवरच्या त्याच्या विजयांत बेकरीवाल्याचा हरवलेला गॅस सिलिंडर येतो, जो बेकरीतच होता, आणि एक मांजर येते, जी स्वतःहून परत आली. त्यामुळे सोमवारी सकाळी दुकानाच्या दारात शेब मनाउर बगलेत गादी घेऊन उभा दिसला तेव्हा मामाने आनंदाने त्याला माझीच खुर्ची दिली. एवढा नामवंत अशील त्याला कधी मिळाला नव्हता.

शेब म्हणजे जवान. आमच्या राई या लोकसंगीताच्या गायकांनी विशीत हे बिरूद लावून घेतलं आणि पुढे ते उतरवायचं कुणाला सुचलं नाही. हा जवान एकोणसत्तर वर्षांचा आहे आणि जिना चढताना प्रत्येक पायरीवर एका संताचं नाव घेतो. त्याचं एकच गाणं गाजलं, पण असं गाजलं की त्याने दुसऱ्याचे कष्ट घेतले नाहीत. पस्तीस वर्षांपूर्वीच्या एका लग्नात ते कॅसेटवर उतरलं. तुम्ही ते ऐकलंच असणार:

पोटात पेटली भट्टी,
पडदा सार गं सेत्ती,
साऱ्यांना दिलंस, मलाच नाही,
ऐक गं सेत्ती, म्हणे मनाउर.

पुढे हे गाणं ज्याला सापडलं त्याने आपलं म्हणून गायलं. मार्सेयच्या एका पोराने त्यात यंत्राचे ढोल घातले आणि ‘म्हणे मनाउर’ काढून टाकलं. कैरोवाल्यांनी चाळीस व्हायोलिनं लावली आणि भट्टी पोटातून उचलून काळजात नेली, कारण तिकडच्या सभ्य गाण्यांत कुणाला पोट नसतं. इस्तंबूलच्या बाईला एक शब्द कळला नाही, म्हणून तिने नुसतं ‘सेत्ती, सेत्ती’ म्हणत साडेचार मिनिटं काढली, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत बरं तेच झालंय. यंदा एका फोन कंपनीने ते जाहिरातीत घेतलं. त्यात निळ्या डोळ्यांची एक मुलगी पडदा सारते आणि फोन उचलते.

त्या जाहिरातीनेच घात केला. सकाळच्या टीव्ही कार्यक्रमात मनाउरला बोलावलं आणि सूत्रसंचालिकेने लाडात येऊन विचारलं, ही सेत्ती कोण हो? मनाउरने खाली बघितलं, एक उसासा सोडला आणि म्हणाला, “काही नावं काळजातच राहू द्यावीत.”

घरी त्याची बायको रहमूना वाटाणे सोलत हे बघत होती. गाण्यात काहीतरी नाव असतंच, असं समजून तिने पस्तीस वर्षं त्या सेत्तीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. पण हा उसासा नवा होता. स्वतःच्या आईच्या मयतीतही नवऱ्याने असा उसासा सोडल्याचं तिला आठवेना. मनाउर टीव्हीवरून घरी पोचला तोवर गादी जिन्यात आली होती. सेत्ती कोण ते नीट कळलं नाही तर गुरुवारी दुपारी दोनच्या बसने मी मोस्तागानेमला बहिणीकडे जाते आणि पुन्हा येत नाही, एवढं सांगून रहमूनाने दार लावलं.

“मग सांगून टाक ना कोण ते,” मामा म्हणाला.

“आठवत नाही.”

“आठवत नाही की सांगत नाही?”

“अरे बाबा, उन्हाळ्यात महिन्याला अठरा लग्नं गायचो. कुणाकुणाची नावं लक्षात ठेवू? टीव्हीवर काहीतरी बोलायला हवं होतं, बोललो.”

मामाने त्याच्या मानेकडे बराच वेळ पाहिलं आणि माझ्या कानात सांगितलं की हा माणूस विनातिकीट आहे.

माझं म्हणणं साधं होतं. त्या वेळच्या वाजंत्र्यांपैकी कुणी हयात असेल तर त्याला जाऊन विचारावं. मामाने माझ्याकडे करुणेने पाहिलं. माणसं खोटं बोलतात, गाणी बोलत नाहीत, असं त्याने मला समजावलं. शिवाय तपास नेहमी मागच्या दारापासून सुरू करायचा असतो, कारण फुकटे मागच्या दारापाशीच उभे असतात. म्हणजे आधी सगळ्यांत ताजं गाणं तपासायचं, मग त्याच्या आधीचं. प्रकरण अतिगुप्त आहे, कुणापाशी ‘सेत्ती’ हा शब्द काढायचा नाही, अशी त्याने मला शपथही घातली.

सोमवारचा दिवस फोन कंपनीच्या फलकाखाली गेला. मामाने भिंगातून त्या मुलीचे डोळे तपासले आणि निष्कर्ष काढला की सेत्ती निळ्या डोळ्यांची होती, अर्थात आरझेवच्या गॅस कारखान्यातल्या कुणा परदेशी इंजिनिअरची मुलगी. जाहिरातीतली मुलगी गाण्यानंतर वीस वर्षांनी जन्मली असेल, असं मी म्हटलं. मामा म्हणाला, रंग वंशात उतरतो.

मंगळवारी त्याने मार्सेयची ध्वनिचित्रफीत पाहिली. तीत बंदर होतं. झालं, सेत्ती ही बाई नसून होडी निघाली. पडदा म्हणजे शीड. आम्ही मासळी बंदरावर जाऊन नव्वद होड्यांची नावं वाचली. एका होडीचं नाव पुसट झालं होतं, तेव्हा पुसलेलं नाव म्हणजे लपवलेलं नाव, असं म्हणून मामा तिच्या मालकाची उलटतपासणी घेऊ लागला. त्या भल्या माणसाने आम्हाला बादलीभर सार्डिन देऊन वाटेला लावलं. मामाच्या मते ती लाच होती. ती आम्ही तळून खाल्ली.

त्याच दुपारी मार्सेयचा तो गायक फोनवर सापडला. आता त्यालाही नातवंडं आहेत. सेत्ती कोण असं विचारल्यावर तो गोंधळला. म्हणाला, मला वाटायचं ते तुमच्याकडचं एखादं गाव आहे. मामाने वहीत लिहिलं: ‘तिसरी शक्यता, गाव.’

बुधवारी कैरोची पाळी होती. कैरोवाल्यांनी गाण्याला जास्तीचं एक कडवं जोडलंय, त्यात प्रेयसीचं लग्न एका श्रीमंताशी लागतं. आमच्या मदिना जदिदा बाजारात कापडाचा एक बडा व्यापारी आहे आणि त्याच्या बायकोचं नाव सेत्ती. मामाने मला दुकानाबाहेर उभं केलं, आत गेला, आणि गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात त्याला विचारलं की पस्तीस वर्षांपूर्वी आपल्या पत्नी रात्रीच्या वेळी पडदा कुणासाठी सारत होत्या. मामा बाहेर आला तेव्हा त्याची कॉलर त्याच्या हातात होती. नंतर कळलं की ही सेत्ती त्या साली चार वर्षांची होती. मामा म्हणाला, हे त्याने आधी सांगायला हवं होतं.

मामा असा देशोदेशी भटकत असताना अशील माझ्या दुकानात मुक्कामाला होता. पासपोर्टच्या फोटोंमध्ये लोकांच्या मागे त्याचे वाळत घातलेले पायमोजे यायला लागले. त्याला गॅस पेटवता येत नव्हता. चहा कशात करतात ते माहीत नव्हतं. बुधवारी सकाळी त्याने रक्तदाबाच्या दोन गोळ्या तळहातावर घेऊन माझ्यापुढे धरल्या आणि विचारलं, यातली सकाळची कुठली? मी म्हटलं, काका, वर्षानुवर्षं घेताय ना. तर म्हणाला, “रहमूना हातावर ठेवायची. मी कधी बघितलंच नाही.” मला त्याची कीव आली. चांगली खोड मोडली असंही वाटलं, आणि दोन्ही एकाच वेळी वाटलं.

गोळीचं विचारायला मीच रहमूनाच्या घरी गेले. तिची पिशवी भरून तयार होती, फक्त चप्पल वर ठेवायची राहिली होती. ती म्हणाली, “पांढरी सकाळची. आणि त्यांना म्हणावं, उद्यापासून सेत्ती येऊन देईल.” मग तिने पुन्हा मला थांबवलं आणि पांढरी न्याहारीनंतर घ्यायची, उपाशीपोटी नाही, हे दोनदा सांगितलं. डोळे सुजलेले होते. तीन दिवसांत ही बाई एकदाही नीट झोपली नसावी, आणि उद्या ती खरंच जाणार हे मला त्या पिशवीकडे बघून पटलं.

गुरुवार उजाडला. मामा रोज सकाळी कोपऱ्यावरच्या बूझियानकाकाच्या गाडीवर कारान्तिका खातो. चण्याच्या पिठाची ती गरम वडी पावात घालून, वर जिरं आणि तिखट. आमच्या गावात दिवस तिथूनच सुरू होतो. त्या दिवशी मीही गेले, कारण मामा घास घेता घेता निकाल जाहीर करणार होता. इस्तंबूलच्या गाण्यात सेत्तीशिवाय दुसरा शब्दच नाही, यावरून त्याने ताडलं होतं की सेत्ती नावाची बाई कधी नव्हतीच. सेत्ती हे स्वातंत्र्याचं प्रतीक आहे. हे रहमूनाला सांगायचं, बस्स, प्रकरण संपलं.

रहमूनाला स्वातंत्र्याचं प्रतीक सांगितलं तर ती ते कुणाच्या डोक्यात घालेल हे मला स्पष्ट दिसत होतं. मी शपथ मोडली.

“काका,” मी बूझियानकाकाला विचारलं, “‘पडदा सार’मधली सेत्ती कोण, काही माहीत आहे?”

त्याने वडी कापता कापता मान वर न करताच सांगितलं, “सेत्ती ना? स्वयंपाकीण होती. गोरफान्यांच्या लग्नातली.”

मामाच्या घशात पाव अडकला. मी त्याच्या पाठीवर थापट्या मारत राहिले आणि काका सांगत राहिला. तरुणपणी तो बर्राह होता, मनाउरच्याच ताफ्यात. लग्नात पाहुणा बर्राहच्या हातात नोट सरकवतो, बर्राह गाणं मधेच थांबवतो, अमक्याकडून तमक्यासाठी म्हणून खणखणीत आवाजात पुकारतो, आणि गायकाने ते नाव पुढच्याच ओळीत घ्यायचं असतं. रीतच आहे. एका रात्रीत अशी पन्नास नावं गाण्यात येतात आणि जातात. वाजंत्री मात्र सगळ्यांत शेवटी जेवतात. त्या लग्नात मांडवातल्या पंगतीवर पंगती उठत होत्या, ताफ्याच्या पोटात दुपारपासून अन्न नव्हतं, आणि कनातीच्या पडद्याआड मटणाच्या हंड्यापाशी सेत्ती उभी होती. काका तीनदा जाऊन आला. पाहुणे आटोपल्याशिवाय हाडूकही मिळणार नाही, असं तिने तीनदा सांगितलं.

“मग मी मला येत होतं तेच केलं,” काका म्हणाला. “माझ्याच एका हाताने दुसऱ्या हातावर नोट ठेवली आणि पुकारलं, ही फर्माईश उपाशी वाजंत्र्यांकडून, पडद्यामागच्या सेत्तीला. मनाउरचे डोळे मिटलेले. त्याने नाव उचललं आणि तिथल्या तिथे कडवं रचलं. भट्टी पोटातच होती बेटा, काळजात कुठून येणार. कॅसेटवाल्याने माझा पुकारा कापला. म्हणाला, फीत पुरत नाही.”

“मग दिलं का तिने?”

“दिलं. थंड.”

तोवर मामाचा श्वास परत आला होता. सेत्ती स्वयंपाकीण आहे हे आपण सोमवारीच ताडलं होतं, फक्त दुजोरा हवा होता, असं त्याने आम्हाला कळवलं. मग काकावर डोळे वटारले. इतके दिवस तोंडात काय धरलं होतंस?

“सी कद्दूर, सोमवारपासून रोज तुम्ही इथे उभं राहून सांगताय की अतिगुप्त प्रकरण आहे. मी लोकांच्या गुप्त गोष्टींत नाक खुपसत नाही.”

पावणेदोनला आम्ही सगळे रहमूनाच्या जिन्यात होतो. पुढे मामा, मग गादी घेतलेला मनाउर, मग गाडी शेजाऱ्यावर सोपवून आलेला काका, आणि शेवटी मी. रहमूना पिशवी हातात घेऊन खालीच येत होती. मामाने ‘बाईसाहेब, या चार दिवसांत मी चार देश धुंडाळले’ अशी सुरुवात केली, तेव्हा मी त्याचा कोट मागून ओढला आणि काकाला पुढे ढकललं. काकाने सगळं सांगितलं. कनात, हंडा, तीन नकार, नोट.

रहमूनाने शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे ती सेत्ती? पितळी डाव घेऊन उभी राहायची ती? पुढचे दोन दात पडलेली?”

“तीच,” काका म्हणाला.

तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला. मनाउरनेही पाहिला. तो हसला आणि त्याने एक पायरी वर चढायला पाय उचलला.

“थांबा तिथेच,” रहमूना म्हणाली. “एक ताट. तेही थंड. तिने तुम्हाला आयुष्यात एकदा थंड मटण वाढलं, तर तिचं नाव कैरोला गेलं, इस्तंबूलला गेलं, फोनच्या फलकावर गेलं. मी एक्केचाळीस वर्षं गरम वाढतेय. माझं नाव कुठल्या ओळीत आहे?”

मनाउरचा पाय पायरीवर तसाच राहिला. मला तर मामाचा राग आला, स्वतःचाही आला, कारण आम्ही चार दिवस सेत्तीला शोधत होतो आणि ही बाई दोन गल्ल्या पलीकडे बसून होती. मामाने माझ्या कानात कुजबुजत सांगितलं की गुन्ह्याचा हेतू आता उघड झाला आहे. मी त्याच्या पायावर पाय दिला.

रहमूना आम्हाला ओलांडून खाली निघाली. जिना अरुंद, मधे गादी. मनाउरने गादी बाजूला घेतली नाही. तिथेच खाली ठेवली, तिच्यावर बसला आणि गायला लागला.

आवाज आता फाटलाय. ‘पोटात पेटली भट्टी’ कसंबसं निघालं. ‘पडदा सार’पाशी त्याने सेत्ती गाळून रहमूनाचं नाव घातलं आणि ओळ बिघडली. पस्तीस वर्षं जिभेला दोन अक्षरांची सवय. पुन्हा सुरू केलं. या वेळी ती ओळ निघाली, पण शेवटच्या ओळीत ‘ऐक गं रहमूना, म्हणे’ इथवर येऊन दम संपला. वरच्या मजल्यावरची दारं एकेक उघडायला लागली होती. कुणीतरी हसलं. रहमूना भिंतीला टेकून, पिशवी पोटाशी धरून, बघत उभी होती.

तिसऱ्यांदा तो अगदी हळू गायला. शेवटच्या ओळीपाशी थांबला, डोळे मिटले, आणि म्हणाला, ‘ऐक गं रहमूना.’ तिथेच संपवलं. मार्सेयच्या पोराने ‘म्हणे मनाउर’ उडवलं म्हणून हा माणूस आठ वर्षं त्याला पत्रं लिहून शिव्या देत होता, हे त्या जिन्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

“आणि मनाउर?” रहमूनाने विचारलं.

“मावला नाही,” तो म्हणाला.

मग तिने पिशवी काकाच्या हातात दिली आणि मागे वळून चढायला लागली. वरून तिने सांगितलं की दुसरी ओळ बेसूर झाली, आणि दुपारची गोळी घेतली का ते आधी सांगा. मनाउर एकेका संताचं नाव घेत तिच्या मागून निघाला. गादी मामाने उचलली, कारण काकाच्या हातात पिशवी होती आणि मी उचलणार नव्हते.

दोनची मोस्तागानेमची बस खालून गेली तेव्हा रहमूना ओट्यापाशी कांदा चिरत होती, आणि मनाउर दारात उभा राहून ती दुसरी ओळ पुन्हा म्हणत होता.